कॉपी केव्हा देता?

पांढरा बैल आणि काळी म्हैस कॅमेऱ्याच्या मीटरला सारखीच. समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालायचं, एवढीच अक्कल त्याला कारखान्यातून मिळालेली असते. पोळ्याच्या दिवशी धुऊन-पुसून, शिंगांना बेगड लावून, झूल पांघरून उभा केलेला पांढराशुभ्र बैल मीटरच्या सल्ल्याने काढला की मळकट येतो. नळगंगा नदीतून नुकतीच बाहेर आलेली म्हैस तशीच काढली की अंगाला राख फासल्यासारखी दिसते. म्हणून बैलाला एक-दीड स्टॉप उजेड वाढवून द्यायचा, म्हशीचा तेवढाच काढून घ्यायचा. हे पुस्तकात वाचून कळतं, पण अंगी लागतं ते बैलाच्या मालकापुढे. "सर, माहा बैल असा मयकट काहून दिसू राह्यला?" या प्रश्नावर अठरा टक्के राखाडीचा सिद्धांत सांगून चालत नाही. त्याने त्या बैलासाठी नदीवर अर्धा दिवस घालवलेला असतो.

मोताळा हे बुलढाणा–मलकापूर रस्त्यावरचं, साधारण मध्यावरचं तालुक्याचं गाव. बुलढाण्याहून येताना राजूर घाट उतरला की हवा बदलते, बोली जराशी बदलते आणि फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने मुख्य म्हणजे उजेड बदलतो. घाटावर पावसाळ्यात धुकं असतं, झाडीतून गाळून आलेला मऊ प्रकाश असतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्याचं सपाट रान, काळी माती आणि वर्षाचा बहुतेक काळ डोक्यावर उभं असलेलं ऊन. या उन्हात, शाळेत शिकवता शिकवता, मी फोटो काढत आलो. धंदा म्हणून कधीच नाही. लग्न, बारसं, पासपोर्ट हे स्टुडिओवाल्यांचं. उरलेलं सगळं माझं: पोळा, आठवडी बाजार, कापूस वेचणाऱ्या बाया, पिंपळगाव देवीची यात्रा, धरणाच्या भिंतीवर बसलेली पोरं.

हौशी माणूस पैसे घेत नाही, म्हणून त्याला कुणाचं देणं लागत नाही अशी एक समजूत आहे. माझा अनुभव उलटा. स्टुडिओवाल्याला पैसे दिले, कॉप्या उचलल्या, की हिशेब संपला. फुकट फोटो काढणाऱ्याचा हिशेब संपतच नाही. तो गावातून चालला की पानटपरीवरून, दवाखान्याच्या ओट्यावरून, एसटीच्या खिडकीतून एकच हाक येते, "सर, कॉपी केव्हा देता?"

शिकलो अग्फाच्या क्लिक थ्रीवर. बडोद्याला बनणारा हा डबा त्या काळी चार घरांत एक तरी असायचा आणि बाकीच्या तीन घरांत तो मागून नेलेला असायचा. १२० चा रोल, त्यावर चौकोनी बारा फोटो. फोकस करायचा नाही, वेग निवडायचा नाही. ऊन आहे की ढग, एवढंच त्याला सांगायचं. अशा कॅमेऱ्याने एक शिकवण फार लवकर मिळते: कॅमेरा काही करणार नाही, त्यामुळे उन्हाकडे आपणच बघायचं. किती वाजता मारुतीच्या पाराची सावली कुठपर्यंत येते, भिंत पांढरी असली की समोरच्याच्या तोंडावर उजेड कसा परततो, हे मला आजही घड्याळ न बघता सांगता येतं आणि त्याचं श्रेय त्या डब्याला आहे.

मग झेनिट आला. मुंबईला नोकरीत असलेल्या मामांनी जुना घेऊन आणलेला, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला झेनिट-ई. हे मॉडेल १९६५ पासून निघत होतं आणि रशियन मालाच्या त्या दिवसांत भारतात सहज मिळायचं. गळ्यात अडकवला की मान दुखायची, आणि शटरचा आवाज इतका दणदणीत की झोपलेलं मूल जागं व्हावं. वेग फक्त पाच, एक-तीसांश सेकंदापासून एक-पाचशेअंशापर्यंत. मीटर सेलेनियमचा, बॅटरी लागायची नाही, उजेड पडला की काटा हलायचा. आणि पुढे ५८ मिलिमीटरची हेलिओस लेन्स, एफ-२ इतकी उघडणारी. तिची घडण मुळात जर्मनीच्या झाइसच्या बायोटार लेन्सवरून घेतलेली. हिच्यावर छिद्राची दोन कडी असतात. एका कड्यावर किती बंद करायचं ते आधी ठरवून ठेवायचं, लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस करायचा, मग दुसरं कडं फिरवून ठरलेल्या जागी आणायचं आणि बटण दाबायचं. एवढं होईपर्यंत समोरच्या माणसाची 'फोटोची मान' सैल पडते, तो कंटाळतो, बाजूच्याशी बोलायला लागतो. त्या रशियन इंजिनिअरांनी हे ठरवून केलं नसणार, पण माझे बरे फोटो या कंटाळ्याच्या क्षणाचे आहेत.

वर्षाचे आठ-नऊ महिने मीटरची गरजही नसायची. लख्ख ऊन असेल तर छिद्र एफ-१६ वर ठेवायचं आणि फिल्मचा जो वेग असेल तेवढा भाग सेकंदाचा द्यायचा. १२५ ची फिल्म म्हणजे एक-एकशेपंचविसांश. हा नियम जगभर चालतो, पण विदर्भात तो विशेष सुखाने नांदतो, कारण इथलं ऊन शब्द पाळतं. अडचण एवढीच की या उन्हात गांधी टोपीखाली डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं येतात. म्हणून मी लोकांना धोतर वाळत घातलेल्या दोरीसमोर उभं करायचो. धोतरावरून परतलेला उजेड तोंडावर पडतो. मुंबईत यासाठी वेगळे पांढरे पडदे विकत घेतात असं नंतर कळलं.

फिल्म म्हणजे पूर्व जर्मनीच्या व्होल्फेन गावची ऑर्वो, किंवा आपली इंदू. इंदू ही हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची. १९६० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९६७ पासून उटीला उत्पादन सुरू झालं. उटी निवडली ती थंड आणि धूळ नसलेल्या हवेसाठी. फिल्मच्या मसाल्याला हे दोन्ही लागतं. तिथून निघालेला रोल मोताळ्याला मे महिन्यात पोचायचा, म्हणजे बिचाऱ्याने मूळ जागेची उलटी टोकं दोन्ही एकदम बघायची: उष्णता त्रेचाळीस आणि धूळ अमाप. मी रोल माठाच्या तिवईखाली, ओल्या वाळूजवळ, डब्यात घालून ठेवायचो. घरात फ्रिज आला तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की आता भाजी ठेवायला जागा राहील ना.

रोल धुणं मात्र सांगण्यासारखं आहे. तयार पावडरचे डबे जिल्ह्याच्या गावी मिळायचे, पण महाग. डी-७६ हा कोडॅकचा १९२७ सालचा डेव्हलपर, आणि त्याची कृती जगजाहीर आहे: एक लिटर पाण्याला २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन अकोल्याहून आणायचो. सल्फाइटला शाळेच्या प्रयोगशाळेच्या पुरवठादाराचा आधार. आणि बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, तो सराफ्यात. सोन्याला डाग देताना सोनार तोच वापरतात. दोन ग्रॅम टाकणखार मागितल्यावर सोनाराने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं होतं ती नजर मी कॅमेऱ्यात पकडायला हवी होती. पण वजन त्याने सोन्याच्या काट्यावर करून दिलं, त्यामुळे माझा डेव्हलपर तालुक्यातला सर्वांत अचूक असणार.

डेव्हलपरला पाणी वीस अंशांचं लागतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या टाकीतलं पाणी पस्तीसच्या पुढे. इतक्या गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, सुरकुततो, आणि नख लागलं तरी चेहऱ्यावर व्रण उमटतो. माठात ठेवलेलं पाणीही उन्हाळ्यात विशीपर्यंत उतरत नाही. फारच घाई असेल तर ते पंचवीस-सव्वीसला आणून, वेळ कमी करून, पहाटे चारला रोल धुवायचा. (गंमत अशी की रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेला अडतीस अंशांचं पाणी लागतं, म्हणजे आमच्याकडे ते उन्हाळ्यात फुकट. पण रंगीत रोल आम्ही जळगावला पाठवत होतो, जिथे तेच पाणी वीज जाळून गरम-थंड करत असतील.) खरा हंगाम दिवाळीनंतरचा. डिसेंबरच्या रात्री नळाचं पाणी आपोआप वीसला येतं. बाकीचे उन्हाळी रोल मी डब्यात जपून तेव्हाच धुवायचो. त्यामुळे अक्षय्य तृतीयेला काढलेल्या फोटोची कॉपी मकर संक्रांतीला मिळायची. लोक तक्रार करायचे, पण थांबायचे. वाट बघण्यात त्यांचाही वाटा असायचा. मधल्या काळात एखाद्याची दाढी पांढरी व्हायची, मुलगी सासरी जायची, बैल विकला जायचा. मग जी कॉपी हातात पडायची ती बघायला सगळं घर गोळा व्हायचं.

एक गोष्ट अलीकडच्या मुलांना खरी वाटत नाही. कित्येक बायांचा आयुष्यातला पहिला फोटो निवडणूक आयोगाने काढला. १९९३ मध्ये मतदार ओळखपत्रं आली, गावोगावी शाळेत पडदा टांगून रांगा लावून फोटो निघाले, आणि डोक्यावरचा पदर मागे घ्यायला सांगितल्यावर झालेली भांडणं मी शिक्षक म्हणून टेबलाशी बसून ऐकली आहेत. त्या कार्डावरचा चेहरा ओळखू येत नसे, तरी ते जपून ठेवलं जायचं. त्याआधी फोटो असला तर लग्नाचा, तोही घोळक्यातला. अशा घरांत मी काढलेली पोस्टकार्ड साइजची एक कॉपी काचेत जाऊन बसायची, देवाशेजारी किंवा बाबासाहेबांशेजारी. मला त्याचा अभिमान वाटायचा आणि थोडी भीतीही. एवढा भार पेलायला तो फोटो काढला नव्हता.

घाटाच्या पलीकडे, अजिंठ्याला, हे सगळं माझ्याआधी सव्वाशे वर्षं कुणी करून गेलं आहे हे फार उशिरा कळलं. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रास फौजेतला अधिकारी. १८४४ मध्ये त्याच्यावर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रंगवायचं काम सोपवलं गेलं. त्याने आयुष्य त्यात घातलं, आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये आग लागली तेव्हा तिथे मांडलेल्या त्याच्या बहुतेक नकला जळाल्या. पण तोवर गिलने कॅमेरा धरला होता. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या फोटोंची पुस्तकं १८६४ मध्ये निघाली. त्यात अजिंठा आहे आणि आमच्याच जिल्ह्यातलं लोणारही आहे. त्या वेळची पद्धत ओल्या काचेची. काचेवर कलोडियनचा थर ओतायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत तंबूत धुवायची. कलोडियनमध्ये इथर आणि अल्कोहोल असतं. लोणारच्या उन्हात ते किती पळं ओलं राहत असेल, याचा विचार माझ्या मनात माठातलं पाणी मोजताना यायचा. १८७९ मध्ये गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे, मलकापूरहून रेल्वेने तासाभरावर.

त्याच्या काही फोटोंत खांबापाशी, दारात माणसं उभी दिसतात. खांब केवढा आहे ते कळावं म्हणून उभी केलेली. त्यांची नावं कुठेही नाहीत. ते फोटो लंडनला गेले, पुस्तकात छापले गेले, संग्रहालयात जपले गेले, आणि त्या खांबाशी श्वास रोखून उभ्या राहिलेल्या माणसाला त्याची कॉपी कुणी दिली असेल असं मला वाटत नाही. गिलबद्दल मला आदर आहे. पण इथली माणसं त्याला रस्त्यात गाठून "सायेब, कॉपी?" असं विचारू शकली नाहीत, याची हळहळही आहे.

डिजिटल कॅमेरा हा विचार कोडॅकच्याच घरात जन्मला. स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने १९७५ मध्ये तो जुळवला. शंभर बाय शंभर ठिपक्यांचं काळंपांढरं चित्र, आणि ते कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. उटीचा कारखानाही बंद पडला. मी मात्र या सगळ्याचा शोक करणाऱ्यांतला नाही. २००९ च्या सुमारास कॅनन १००० डी घेतला, दहा मेगापिक्सेलचा, आणि पहिले काही महिने मी अक्षरशः सुटल्यासारखे फोटो काढले. एका रोलमधल्या छत्तीस फोटोंचा आकडा डोक्यातून गेला. रात्रीचं कीर्तन, चुलीच्या उजेडातली भाकरी, पावसातली एसटी, जे फिल्मवर परवडत नव्हतं ते सगळं.

हाताच्या सवयी मात्र उलट्या कराव्या लागल्या. निगेटिव्हला उजेड थोडा जास्त झाला तरी ती सांभाळून घेते, कमी झाला तर सावल्यांत काही उरत नाही. म्हणून फिल्मवर आम्ही सावली बघून माप घ्यायचो. सेन्सरचं उलट. सावलीतून तो बरंच ओढून काढतो, पण पांढरं एकदा जळालं की गेलं, तिथे माहितीच नसते. धोतर, टोपी, कापसाचा ढीग, बैल, आमच्याकडचं सगळं महत्त्वाचं नेमकं पांढरं. आता पांढऱ्याकडे बघून माप घ्यायचं. आणखी एक गंमत नंतर वाचनात आली. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची एकच जाळी असते. ब्राइस बायर यांनी कोडॅकमध्ये केलेली ही रचना, पेटंट १९७६ चं. त्यात अर्धे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक जागचे उरलेले दोन रंग कॅमेरा शेजाऱ्यांकडे चौकशी करून ठरवतो. म्हणजे रंगीत डिजिटल फोटोतला दोन-तृतीयांश रंग अंदाजाचा असतो. आमच्या गावातली बरीच माहितीही याच पद्धतीने जमते आणि ती सहसा बरोबर निघते.

मग हेलिओस परत बाहेर काढली. मुंबईच्या बोरा बाजारातून दीड मिलिमीटर जाडीची एक कडी आणली. आट्यांची ही जुनी लेन्स तिच्यामुळे कॅननवर बसते. निकॉनवाल्या मित्राला हे सुख नाही, कारण निकॉनचं माउंट सेन्सरपासून जुन्या आट्यांच्या मापापेक्षा मिलिमीटरभर दूर. लेन्स तिथे बसते, पण दूरचं काही स्पष्ट दिसत नाही, मध्ये आणखी काच घालावी लागते. कॅननवर चालतं. फक्त सेन्सर फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे ५८ ची लेन्स ९३ सारखी बघते. हेलिओसची ख्याती म्हणजे पूर्ण उघडल्यावर मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात, लिंबाखाली उभ्या माणसाभोवती जणू वावटळ. लहान सेन्सर ही कडेची वावटळ कापून टाकतो. मला त्याचं दुःख नाही. हल्ली लोक त्या वावटळीसाठीच ही लेन्स शोधतात आणि मध्ये उभ्या असलेल्या माणसाकडे बघत नाहीत.

लेन्सबद्दल माझं एक मत आहे आणि त्यावरून मित्रांशी वादही होतात. माझ्याकडे ७०-३०० ही आहे. नळगंगा धरणावर हिवाळ्यात बदकं उतरतात, चक्रवाकांच्या जोड्या येतात, त्यांच्यासाठी ती ठीक. (वैनगंगेचं पाणी चारशेहून जास्त किलोमीटरच्या कालव्यांनी याच धरणापर्यंत आणायची योजना आहे. ते येईल तेव्हा बदकांचं काय होईल ते बघायला मी असेन अशी आशा.) पण माणसावर लांब लेन्स लावू नये. लांबून टिपलेल्या माणसाला फोटो निघाल्याचं कळत नाही, आणि ज्याला कळलंच नाही तो कॉपी मागत नाही. ५८ ची लेन्स लावली की चार पावलांवर जावं लागतं. चार पावलांवर गेलं की बोलावं लागतं, पाऊसपाणी विचारावं लागतं, आणि मग सुटका नाही. काही तरुण मित्र म्हणतात की लांबून काढलेला फोटो जास्त नैसर्गिक येतो. येत असेल. बदकांचाही येतो.

घाटाखाली लेन्सची देखभाल हा स्वतंत्र व्याप आहे. पावसाळ्यात काचेच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. तिच्यासाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल. पण खरा शत्रू कापूस. वेचणीपासून जिनिंगपर्यंत तीन-चार महिने हवेत तंतू असतात. ट्रॅक्टरमागे उडतात, रस्त्याकडेच्या बाभळीला लटकतात. फिल्मचं एक बरं होतं, दर फोटोला कोरी जागा पुढे यायची, एका फोटोवर पडलेला तंतू दुसऱ्यावर जायचा नाही. सेन्सर एकच. एकदा तंतू बसला की एफ-१६ ला काढलेल्या प्रत्येक निळ्या आभाळात तो तिथेच. रबरी फुग्याने हवा मारायची, तीही घर बंद करून, पंखा बंद करून. लेन्स बदलायची असेल तर एसटीत नाही, शेतात नाही, बाजारात तर नाहीच. म्हणून गेली कित्येक वर्षं हेलिओस कॅननवर लावली ती लावलीच.

डिजिटलने बदललं ते हे, की कॅमेऱ्याला मागून खिडकी आली. फोटो काढला की पोरं "दाखवा" म्हणत मागे धावतात. बघतात, हसतात, पांगतात. दाखवलं की देणं फिटलं. सुरुवातीला मला हे फार सोयीचं वाटलं. टाकणखार नको, माठ नको, संक्रांतीपर्यंत थांबणं नको. हळूहळू रस्त्यावरची ती हाक येईनाशी झाली, आणि हार्ड डिस्कवर साल आणि महिन्याच्या नावाची फोल्डरं वाढत गेली. त्यांतल्या हजारो चेहऱ्यांपैकी कुणाच्याही घरात माझा एकही फोटो नव्हता. गिलच्या खांबाशेजारी उभा असलेला माणूस मला तेव्हा परत आठवला.

हाक परत आली ती वेगळ्या रूपात. कुणी गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचं माणूस दारात येतं. "सर, आमच्या बाबाचा एखांदा फोटो असंन तुमच्यापाशी?" तेराव्याला हार घालायला फोटो हवा असतो. मोबाइलमध्ये शेकडो असतात, पण त्यात बाबा कुठेतरी मागे, अर्धे, नातवाच्या केकआड. फिल्मच्या काळातला माणूस असेल तर मी निगेटिव्हच्या वह्या काढतो. त्यात गावं लिहिलेली, पोळा कोणत्या सालचा ते लिहिलेलं. पट्टी खिडकीशी धरली की काळे दात आणि पांढरे केस असलेली ती उलटी माणसं मला लगेच ओळखू येतात. बोटाच्या नखाएवढा चेहरा मोठा करतो, दाणे दिसतात, तरी डोळे शाबूत असतात. डिजिटल काळातला असेल तर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि शोधणाऱ्याला शेजारी बसवतो. तो एकामागून एक फोटो सरकवत जातो. ओळखीच्या माणसांपाशी थांबतो, हे कुणाचं लग्न, हा कुणाचा बैल असं सांगतो, आणि बाबा सापडेपर्यंत कधी कधी दुपार जाते. घाई कोणालाच नसते.

यातूनच छापायचं परत सुरू केलं. बाजाराचे, शेतातले, पोळ्याचे फोटो निवडून बुलढाण्याहून छापून आणतो, पोस्टकार्ड साइज. कापडी पिशवीत घालून आठवडी बाजारात फिरतो. लॅबमधला मुलगा विचारतो की सर, मोबाइलवर पाठवून देत जा ना सगळ्यांना, खर्च वाचेल. पाठवतोही, मागितलं तर. पण पिशवी वेगळी चालते. हातात कागद पडला की माणूस तो आधी उलटा करून बघतो, मागे काही लिहिलं आहे का ते.

मागच्या हिवाळ्यात मिरचीच्या ढिगामागे बसणाऱ्या एका आजीला तिची कॉपी दिली. तिच्याशेजारी सून, पुढे तराजू, पाठीमागे रसवंतीचा बोर्ड. तिने चष्मा नाकावर ओढला, फोटो डोळ्यांपासून हातभर लांब धरला, जवळ आणला, परत लांब धरला.

"चांगला हाये," ती म्हणाली. "पन याच्यातून मले एकटीले काढून द्या. मोठा. काचेतला."

"कशाला एवढा मोठा, आजी?"

"आता हाओ तंवर भित्तीवर लावून ठेवतो. मंग पोरं तुमच्या दारी येतीन अन् बारीक बारीक फोटो ढुंडत बसतीन. मले ठाऊक नाही का कोन कोन येऊन गेलं ते?"

सुनेने पदर तोंडाला लावला. मी विचारलं, केवढा पाहिजे? तिने दोन्ही हात पसरून जे माप दाखवलं त्यात दोन आज्या मावल्या असत्या. थोडी घासाघीस होऊन आम्ही बारा बाय अठरावर आलो. रसवंतीचा बोर्ड काढायचा, तराजू राहू द्यायचा, पट्टी सोनेरी, आणि कपाळावरचं गोंदण दिसलं पाहिजे, ते या फोटोत उन्हाने खाल्लं आहे, ही तिची बारीक नजर. म्हणजे परत काढणं आलं. बाजार संपल्यावर, पाच वाजता, ऊन उतरल्यावर बसते म्हणाली. मग वर्तमानपत्राच्या कागदात पावशेर मिरची बांधून तिने माझ्या पिशवीत टाकली.

"हा ॲडव्हान्स समजा, सर. बाकीचे फोटो पाहून."